पन्नासाची वाट

लाइनमन हिरामणला आज संध्याकाळी कामावरून काढायचं ठरलं होतं, आणि ते पत्र टाइप करायचं काम ज्योत्स्नाकडेच आलं होतं.

पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांच्या इंटरनेटच्या ऑफिसात ती बारा वर्षांपूर्वी कनेक्शनचे फॉर्म भरायला लागली. यंत्रांचं कुणी शिकवलं नाही. यंत्रं बंद पडली की सगळे तिच्याच तोंडाकडे बघायचे, म्हणून शिकली. आता नाशिकपासून पेठपर्यंतचा एकेक राउटर तिला ठाऊक होता. लग्नघरात सगळ्यांची नाती सांगणारी एक बाई असते ना, तशी.

"झालं का पत्र, ताई?" मालक संतोष केबिनच्या दारात आला.

"काढून टाकताना 'सस्नेह' लिहायचं का, तेवढंच अडलंय."

"मस्करी नको. आठ दिवस झाले. पेठकडच्या आरोग्य उपकेंद्रात व्हिडिओवर तपासणाऱ्या डॉक्टरांचं चित्र गोठतं. मंगळवारी एका गरोदर बाईला उगाच जीपने नाशिकला आणावं लागलं. जोडण्या हिरामणने केल्यात, जबाबदारी त्याची."

बाई सुखरूप होती. 

तेवढ्यात हिरामणचाच फोन. मागे वारा नुसता घोंघावत होता.

"ताई, घाटातल्या खांबावर हाय. जोडाची सतरावी पेटी उघडली. तार एकदम चांगली हाय. मला तर कायच दिसत नाय."

"थांब जरा. मी इकडून बघते."

उपकेंद्राला दोन वाटा होत्या. एक खांबांवरून गेलेली फायबरची तार. थांबत थांबत जाणारी, पण भरवशाची. दुसरी डोंगरावरच्या डिशची. एका उडीत पोहोचणारी, पण वारा सुटला की अडखळणारी. ती नुसती अडीअडचणीला ठेवलेली. कुठली वाट धरायची ते राउटर बेरीज करून ठरवतो. प्रत्येक टप्प्याला एक आकडा दिलेला असतो, आणि बेरीज कमी ती वाट चांगली. आकडे ज्योत्स्नानेच दिले होते. तारेच्या चार टप्प्यांना दहा-दहा, म्हणजे चाळीस, डिशला पन्नास. राउटरला वारा कळत नाही, डोंगर कळत नाही. चाळीस पन्नासाहून कमी, एवढंच कळतं.

पत्रावर सही व्हायच्या आधी दोष एकदा डोळ्यांनी बघावा, म्हणून तिने माहिती कुठून कुठून जाते ते दाखवणारी आज्ञा संगणकाला दिली. पडद्यावर तारेवरच्या टप्प्यांची रांग यायला हवी होती. आली एकच ओळ. डिश.

ती बोटांवर मोजू लागली. डिसेंबरात घाटाखालच्या दोन वाड्यांच्या शाळांना इंटरनेट मिळावं म्हणून तिनेच हट्टाने तारेच्या मध्ये दोन टप्पे घातले होते. शाळांनी पेढे दिले. तिने ते ऑफिसात वाटलेही. चाराचे सहा टप्पे झाले. साठ. साठापेक्षा पन्नास कमी. राउटरने इमानेइतबारे डिश धरली. थंडीत वारा पडलेला होता, म्हणून कुणाला कळलं नाही. आता फेब्रुवारीचा वारा सुटला. डिश पूर्ण बंद पडती तर राउटर आपोआप तारेवर आला असता. पण ती बंद पडत नव्हती, नुसती तोतरं बोलत होती.

आणि हिरामण आठ दिवस, उपकेंद्राचं काहीच ज्यातून जात नव्हतं त्या तारेत दोष शोधत होता.

तिने डिशचा आकडा पाचशे केला. मिनिटभरात उपकेंद्रातल्या शकुबाई सिस्टरचा फोन आला. "ज्योत्स्नाताई, डॉक्टर हलायला लागले हो! आत्ता चष्मासुद्धा पुसला त्यांनी."

ज्योत्स्नाला हसू आलं नाही. ती उठून केबिनमध्ये गेली आणि एका दमात सगळं सांगितलं.

संतोषने पेपरवेट एकदा फिरवला. "म्हणजे तुमची चूक."

"माझीच."

"ठीक आहे. हिरामण राहील. पण उपकेंद्राच्या वरिष्ठांना कळवताना लिहा, लाइनमनच्या जोडण्या कच्च्या होत्या, दुरुस्त केल्या. ऑफिसातच असा घोळ झाला म्हटलं तर पुढचं काम कोण देईल? त्याची नोकरी राहिली ना? मग त्याला काय फरक पडतो?"

"त्याला विचारलंत?"

"ताई, बारा वर्षं झाली तुम्हाला इथे. उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

ती जागेवर आली. आधीचं पत्र पुसून तिने नवं टाइप केलं. नवे टप्पे घालताना बेरीज पुन्हा तपासायची राहिली, ती चूक माझी. खाली स्वतःचं पूर्ण नाव. केबिनच्या काचेतून संतोष बघत होता. उद्या या खुर्चीत आपण असू का, ते तिला सांगता आलं नसतं. तिने पत्र उपकेंद्राच्या वरिष्ठांना पाठवून दिलं आणि हिरामणला फोन लावला.

तो खाली उतरून वडाच्या पारावर बसला होता. बायको भाकरी घेऊन आली होती. ज्योत्स्नाने सगळं सांगितलं. 

"म्हणजे तार चांगलीच होती?"

"पहिल्यापासून."

"आणि मी रोज चढत होतो ते?"

 "चुकलं रे माझं," ती म्हणाली. मग तिने पत्र वाचून दाखवलं. शेवटची ओळ सावकाश वाचली: श्री. हिरामण यांच्या एकाही जोडणीत दोष नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "तेवढं पुन्हा वाचा. फोनचा आवाज मोठा केलाय. हिला ऐकू द्या."