पाच वाजायला वीस मिनिटं

लंबू कुणाला माहीत नाही? सत्त्याहत्तर मजले, चारी बाजूंनी सारखा, डोक्यावर सुई. शहरात नव्याने आलेला माणूस स्टेशनातून बाहेर पडला की आधी मान वर करतो आणि मग सामान उचलतो. सिनेमावाल्यांनी तर लंबूला कामालाच जुंपलं. त्याच्या गच्चीवर नायकांनी गुंडांना लोळवलं, परग्रहावरची यानं त्याच्या सुईवर उतरली, एका सिनेमात तर तो मेणासारखा वितळला आणि दुसऱ्या दिवशी लोक खात्री करायला खरोखर बघून आले. बिस्किटांच्या डब्यावर लंबू, वह्यांच्या पुठ्ठ्यावर लंबू, किल्लीच्या साखळीला लंबू. आणि या साऱ्यांचं मूळ एकच, पन्नास वर्षांपूर्वी एका कॅलेंडरवर छापलेला फोटो.

त्या फोटोत लंबूच्या शेजारी, खाली, जुन्या पोस्टाचं घड्याळ आहे. त्यावर आकडे नाहीत, नुसत्या बारा रेघा, आणि काटे सात वाजून वीस मिनिटांवर. पोस्ट पुढच्याच वर्षी पाडलं, पण सात-वीस काही पडलं नाही. सिनेमातल्या जोडप्यांनी लंबूखाली भेटायची वेळ सात-वीस ठरवली. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाचं नाव सात-वीस. दुकानात टांगलेली घड्याळंसुद्धा त्याच वेळेवर थांबवून ठेवायची पद्धत पडली.

फोटो काढला होता आत्याच्या दादाने, आणि छापला होता आत्याने.

आत्या म्हणजे एकोणसत्तर वर्षांची, अंगाने काटकुळी, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेली आणि दुसऱ्याचा काढायला टाळाटाळ करणारी बाई. एकतीस वर्षं तिने कॅलेंडरच्या छापखान्यात डार्करूम सांभाळली. रिटायर होताना मालकाने भाषणात सांगितलं होतं, की या बाईंनी एकही फोटो कधी उलटा छापला नाही. आत्याला त्या वाक्याचा भारी अभिमान. पाहुणा आला की चहाआधी हे वाक्य यायचं. दादाच्या मुलीला, म्हणजे तिच्या भाचीला, ते पाठ झालं होतं.

त्या वर्षी लंबूला साठ वर्षं पूर्ण होणार होती. तळमजल्यावरच्या दालनात प्रदर्शन ठरलं. सिनेमाची पोस्टरं, खेळणी, डबे, आणि मधोमध भिंतभर मोठा तो फोटो. कॅलेंडरवरून एवढं मोठं करायला गेलं की छपाईचे ठिपके दिसत होते, म्हणून संयोजकाला मूळ निगेटिव्ह हवी होती. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याचा पत्र्याचा डबा आत्याच्या कपाटात होता.

भाचीने डबा काढला. आत्याने टेबलावर दुधी काच ठेवली, खाली दिवा लावला आणि निगेटिव्ह तिच्यावर ठेवली.

निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मंद. चित्र मंद बाजूवर असतं आणि छापताना ती बाजू खाली, कागदाकडे ठेवायची. चुकून पालथी पडली तर सगळं आरशातल्यासारखं छापलं जातं. फोटोत पाट्या असल्या तर अक्षरं उलटी दिसून चूक तिथल्या तिथे सापडते. लंबूच्या फोटोत एकसुद्धा अक्षर नव्हतं.

आत्याने सवयीने मंद बाजू खाली ठेवली होती. भिंग लावून तिने घड्याळ शोधलं. जिथे असायला हवं तिथे ते नव्हतं. ते दुसऱ्या बाजूला होतं आणि त्यात पाच वाजायला वीस मिनिटं होती.

तिने निगेटिव्ह पालथी केली. सात वीस. पुन्हा सरळ केली. चार चाळीस.

"आत्या, काय झालं?" भाचीने विचारलं. "पाणी देऊ?"

"माझ्या हातून झालं," आत्या म्हणाली. "सगळं माझ्या हातून झालं."

सगळं म्हणजे काय, ते भाचीला वेगळं सांगावं लागलं नाही. दादाने कॅलेंडरवर फोटोखाली वेळ छापायला दिली होती, थंडीतली दुपार, चार चाळीस. महिनाभरात वर्तमानपत्रातल्या एका सदरवाल्याने ते पकडलं. थंडीतल्या संध्याकाळी सात-वीसला काळोख असतो, त्याने लिहिलं, म्हणजे हा फोटो सकाळचा आहे. ज्या गृहस्थांना स्वतःच्या फोटोतली वेळ माहीत नाही, त्यांनी हा फोटो नेमका कुणाचा उचलला? झालं. गावभर कुजबुज. फोटोग्राफरांच्या मंडळाने दादाला हळूच बाजूला सारलं. त्या फोटोसाठी लंबूसमोरच्या गोदामाच्या पाण्याच्या टाकीवर सात तास उभा राहून, ताप अंगावर घेऊन परत आलेला माणूस शेवटपर्यंत ओळखपत्रांचे फोटो काढत बसला. "हनुवटी जरा वर," एवढंच तो दिवसभर म्हणायचा. कुणी सात-वीसचं विचारलंच, तर तो म्हणायचा, "फोटो बघा की, मला काय विचारता?"

आत्याला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा हे समोरच्या आरशात स्वच्छ दिसत होतं. तापाने फणफणलेला दादा घरी झोपला होता, छापखान्याला संध्याकाळपर्यंत फोटो हवा होता आणि एकोणीस वर्षांच्या बहिणीने घाईत तो छापून दिला होता. त्याच फोटोवर खूश होऊन मालकाने तिला नोकरीवर ठेवलं होतं.

"उद्या त्या संयोजकाकडे जायचं," ती म्हणाली. "दादाचं नाव धुऊन निघाल्याशिवाय मी डोळ्याचं ऑपरेशन करणार नाही."

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"काही नाही. पण तू त्यासाठी मागे लागलीयेस ना, म्हणून सांगितलं."

संयोजक तरुण होता, गोड बोलायचा आणि बोलताना सारखा फोनकडे बघायचा. त्याने आत्याचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"आजी, प्रदर्शनाचं नावच सात-वीस आहे. कप छापून आलेत. लोक चार-चाळीस बघायला येणार नाहीत हो."

"मग कपातून चहा पाजा त्यांना. फोटो सरळ लावा."

"सरळ लावला तर लोकांना तो उलटा वाटेल! पन्नास वर्षं सगळ्यांनी असाच बघितलाय. सिनेमे असेच निघालेत. आणि इतक्या वर्षांनी कुणाला काय फरक पडतो?"

आत्या उठली, निगेटिव्हचा लिफाफा पिशवीत टाकला आणि दाराकडे निघाली. तिची चाल मुळातच हळू होती, त्या दिवशी ती आणखी हळू चालली. दारापर्यंत पोचायच्या आत संयोजक मागे आला.

अर्धा तास घासाघीस झाली. तो म्हणाला, बाहेर पडायच्या वाटेवर लहानसा लावू. ती म्हणाली, आत शिरतानाच, पहिला. तो म्हणाला, बरं, खाली एक ओळ टाकू, की तांत्रिक कारणाने चित्र उलटलं होतं. ती म्हणाली, तांत्रिक कारणाला हातपाय नसतात, माझं नाव घाला. शेवटी त्याने हात टेकले. मोठ्या भिंतीवर लोकांचं सात-वीस राहील, दाराशी दादाचा फोटो, खाली आत्याची ओळ.

"आमच्या मशीनवर दहा मिनिटांत काढून देतो," तो म्हणाला.

"नको. चूक हाताने केलीय, ती हातानेच निस्तरते."

घरातली मोरी ही आत्याची जुनी डार्करूम. सकाळी नाश्ता उरकून तिने खिडकीला काळं कापड ठोकलं, फोटो मोठा करून छापायचं यंत्र, एन्लार्जर, फळीवर चढवला, तीन ट्रे मांडले आणि भाचीला ट्रे हलवायच्या कामावर बसवलं. भाची औषधाच्या दुकानात कामाला, तिला द्रावणं मोजायची सवय होती.

"कागद बुडाला की हलवत राहायचं. घाबरट माणसाने पाळणा हलवावा तसं नको, शांत."

पहिला फोटो काळा पडला. दुसऱ्यात आकाश उतरलंच नाही. एका डोळ्यातल्या धुक्यामुळे आत्याला कडा नीट जुळवता येईना. तिने तीनदा भिंग पुसलं आणि चौथ्यांदा मोतीबिंदूला शिवी दिली.

"आत्या, मशीनवर करू या ना," भाची म्हणाली.

"ट्रे धू."

चौथ्या कागदाआधी धूळ उडवायला तिने निगेटिव्ह बाहेर काढली आणि लाल दिव्यात परत बसवताना थबकली. तिचा अंगठा निगेटिव्हच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी शोधत होता. तिथे काही नव्हतं.

"खाच नाही," ती म्हणाली.

"कसली खाच?"

दादा फिल्मचा मोठा गुंडाळा विकत आणून अंधारात स्वतः तुकडे कापायचा, त्यामुळे त्याच्या फिल्मला बाजू ओळखायची कारखान्याची खूण नसे. तो प्रत्येक निगेटिव्हच्या कोपऱ्याला नखं कापायच्या कात्रीने एक लहानशी खाच द्यायचा. अंगठ्याला ती उजवीकडे वर लागली, की मंद बाजू आपल्याकडे आहे असं समजायचं आणि पालथी करून बसवायची. त्याचे फोटो पुढेही आत्याच छापायची आणि तिला त्यासाठी बघावंसुद्धा लागत नसे. तिला वाटायचं, ही दादाची पहिल्यापासूनची सवय.

तिने डबा मागवला. लिफाफ्यांवर तारखा होत्या. लंबूच्या आधीची निगेटिव्ह काढली, खाच नाही. त्याआधीची, नाही. मग कॅलेंडर छापून आलं त्याच्या नंतरच्या आठवड्यातली काढली.

खाच होती. पुढचीला होती. त्यानंतरच्या प्रत्येकीला होती.

आत्या पालथ्या बादलीवर बसली. कॅलेंडर आलं तो दिवस तिला जशाच्या तसा आठवला. दादाने ते हातात धरलं होतं, बराच वेळ. सात तास जे डोळ्यांसमोर होतं ते डावीकडे की उजवीकडे, हे काय त्याला कळलं नसेल? आणि मग तो म्हणाला होता, "छान छापलंस." ती नोकरीवर जाऊन तेव्हा चारच दिवस झाले होते.

त्याने तिला चूक सांगितली नाही. ती पुन्हा होणार नाही याची सोय तेवढी केली. एकतीस वर्षं जिने मान ताठ करून मिरवलं, तिच्या अंगठ्याखाली दादाची कात्री होती. आता मात्र ती रडली, चांगली हुंदके देऊन, आणि भाची ट्रे सोडून तिला धरून बसली.

मग आत्याने नाक पुसलं. "ऊठ. चौथा कागद."

चौथा फसला. पाचवा उतरला. टाकीच्या कडेवरून दिसणारा लंबू, उतरत्या उन्हाने एका बाजूने उजळलेला, आणि खाली घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं.

प्रदर्शनाच्या दिवशी दारात गर्दी झाली. आत शिरणारा जो तो थांबायचा आणि म्हणायचा, "अरे, हा उलटा लावलाय." आत्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती. ती प्रत्येक वेळी उठायची.

"उलटा नाही. हाच सरळ. तो आतला उलटा, तो मी छापला. वाचा खाली."

खाली लिहिलं होतं, की हा फोटो तिच्या दादाने दुपारी चार चाळीसला काढला आणि तो आरशातल्यासारखा छापायची चूक त्याच्या बहिणीची. दुपारपर्यंत तिने हे साठ-सत्तर जणांना सांगितलं असेल. घसा बसला तरी तिने खुर्ची सोडली नाही. काही जण हसले, काही जण घड्याळापाशी नाक नेऊन बघून आले.

तीनच्या सुमाराला काठी टेकत एक म्हातारा आला. तो सदरवाला. निमंत्रणावर त्याचं नाव आत्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं. त्याने फोटो बघितला, ओळ वाचली, परत फोटो बघितला.

"बाई," तो म्हणाला, "त्यांनी एक वाक्य जरी सांगितलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी माफी छापली असती. ते बोलले का नाहीत?"

आत्याने पिशवीतून लिफाफे काढले.

"हात पुढे करा. ही लंबूची. कोपरा चाचपा. काही लागतंय?"

"नाही."

"ही त्यानंतरची."

म्हाताऱ्याचा अंगठा कोपऱ्यावर थांबला.

"ही त्याच्या पुढची. ही पुढच्या वर्षीची. ही तो गेला त्या वर्षीची."

कशाची खाच, कशासाठी, आणि त्याच फोटोवर छापखान्याने तिला कसं ठेवून घेतलं, ते तिने थोडक्यात सांगितलं. म्हाताऱ्याने एकेक निगेटिव्ह चाचपली. शेवटची त्याने जपून लिफाफ्यात घालून परत दिली.

"तुम्हाला नोकरी लागली होती," तो म्हणाला.

"चार दिवस झाले होते."

त्याने खिशातून वही काढली, पेनाचं टोपण दातांनी ओढलं. "अजून महिन्यातून एकदा छापतात माझं. लिहू का?"

"लिहा," आत्या म्हणाली. "आणि या खेपेला वेळ नीट लिहा. पाच वाजायला वीस मिनिटं."