सोंड

विमानतळाच्या तळघरात प्रवाशांच्या बॅगा पट्ट्यावरून येत आणि कामगार त्या उचलून ट्रॉल्यांवर रचत. तिथे एका पट्ट्यावर छतातून जाड रबरी नळी लोंबू लागली. तिचं तोंड बॅगेवर टेकवलं की ती बॅग ओढून धरायची आणि मूठ दाबली की अलगद वर न्यायची. कामगारांनी तिचं नाव सोंड ठेवलं.

पैलवानाला तिच्यात काळंबेरं दिसलं. उभी हयात त्याने बॅगा उचलल्या होत्या. हे टोपणनावही त्यातूनच पडलेलं. आज साहेबांना आपल्या पाठीचा पुळका येतोय, उद्या त्याच पाठीवर लाथ बसेल, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. त्यातून सोंड बसवली ती नेमकी त्याच्याच पट्ट्यावर.

मग त्याच्या लक्षात आलं, की शेजारच्या पट्ट्यावरचा त्याचा मेहुणा सोंड येण्याआधी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आला होता. विचारलं तर रजेचं बोलायला गेलो होतो, म्हणाला. रजा मात्र त्याने घेतलीच नाही. घरीही तेच. बायको आणि तिचा हा भाऊ स्वयंपाकघरात कुजबुजायचे आणि पैलवान दारात आला की भाजीच्या भावावर यायचे. घरातलाच माणूस फितूर झाला, अशी पैलवानाची खात्री पटली. त्याने मेहुण्याशी बोलणं टाकलं आणि सोंडेला हात लावायचा नाही असं ठरवलं.

एके दुपारी पट्ट्यावर एक अवजड ट्रंक आली. सोंड डोक्यावर रिकामी लोंबत असताना पैलवानाने ट्रंक हातांनीच उचलली. छातीपर्यंत आली आणि उजवा खांदा दगा देऊन गेला. ट्रंक पायावर पडणार, तेवढ्यात मेहुण्याने धावत येऊन ती खालून पेलली. दोघांनी मिळून ती खाली ठेवली.

"साहेबांना काय सांगून आलास?" पैलवानाने दात आवळून विचारलं.

"तुमचा खांदा गेलाय, हे सांगितलं."

"तुला कुणी सांगितलं?"

"ताईनं. तुम्हाला सदरासुद्धा तीच घालते म्हणे. सोंड शेवटच्या पट्ट्यावर बसणार होती, दाजी. मी हातापाया पडून तुमच्याकडे बसवून घेतली."

पैलवान खाली बसला. रागवावं की या पोराच्या पाठीवर हात ठेवावा, त्याला कळेना. बायकोने हे तोंडावर का नाही सांगितलं, असं क्षणभर मनात आलं. पण तोंडावर सांगितलं असतं तर आपण ऐकलं असतं का, याचं उत्तर त्याला ठाऊक होतं.

"म्हणजे माझा खांदा निकामी आहे, हे आता साहेबांना माहीत आहे," तो म्हणाला.

मेहुण्याचा चेहरा पडला. हा विचार त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

पैलवान उठून थेट केबिनमध्ये गेला आणि सोंडेमुळे माणसं कमी करणार का, असं त्याने रोखठोक विचारलं. साहेबांनी चहा मागवला, पाठीच्या दुखण्यांविषयी बरंच गोड बोलले आणि शेवटी म्हणाले, "सध्या तरी तसा विचार नाही."

परत येऊन पैलवानाने सोंडेची मूठ धरली. ट्रंक पिसासारखी उचलली गेली आणि खांद्यातून कळ आली नाही. त्याला हायसं वाटलं, अगदी लाज वाटावी इतकं.

"काय म्हणाले साहेब?" मेहुण्याने विचारलं.

"सध्या, म्हणाले," पैलवान म्हणाला. "इकडे ये, तूही शिकून घे. आणि यापुढे केबिनमध्ये जायचं झालं, तर दोघं जाऊ."