घरपोच सेवा

विमा कंपनी आणि माझं औषधांचं दुकान यांच्यामध्ये एक दलाल कंपनी बसलेली आहे. आयुष्यात कधी कुणाच्या हातावर गोळी ठेवली नाही, पण कुणी औषध कुठून घ्यायचं ते हेच शहाणे ठरवणार! त्यांनी माझा करार तोडला. गुन्हा काय, तर मी वर्ना कुचेराला इन्सुलिन घरी नेऊन देत होते. करारात ते बसत नाही म्हणे. नव्वदीची बाई, शेतावर एकटी. ती काय रांगत येणार होती?

"आता आम्ही पोस्टानं पाठवू, मॅडम," त्यांचा ट्रेव्हर फोनवर म्हणाला.

"नेब्रास्कातला जानेवारी पाहिलायस का रे कधी?" मी विचारलं. दिवट्यानं फोन ठेवला.

जानेवारीत बर्फानं वर्नाच्या शेताचा रस्ता बुजला. पोस्टमन ड्वेननं कंपनीचं इन्सुलिनचं खोकं माझ्याच काउंटरवर आणून आदळलं.

"लॉर्ना, माझी गाडी तिथं जात नाही. रस्त्याकडेच्या पेटीत टाकलं तर गोठेल. तुझा ट्रॅक्टर काढ."

कंपनीच्या सात पिढ्या उद्धरत मी गेले.

पुढच्या आठवड्यात वर्नाकडे कॉफी पीत बसले होते, तेवढ्यात कंपनीचा फोन आला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"आमची घरपोच सेवा कशी वाटली, आजी?"

"झकास!" वर्ना म्हणाली. "पोरगी थेट फ्रिजमध्ये ठेवून गेली. तिला काढू नका हं. एकदा काढलीत तेवढं पुरे."