काचेमागच्या बाई

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने खिडकी, असा माझा जन्म. कारखान्यात माझ्या अंगावर चंदेरी थर चढला, तेव्हा वाटले, आता कुणी माझ्यासमोर वेणी घालेल, कुणी मिशीला पीळ देईल. देवाच्या मनात वेगळेच होते. मला दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवले.

पुढची खोली मुलांची. तिथे सतरंजी, बुटक्या खुर्च्या, रंगीत डबे. मागची अंधारी खोली बाईंची. मूल विचार कसा करते, दुसऱ्याच्या मनातले त्याला कधीपासून कळू लागते, हा बाईंचा अभ्यास. कुणी बघते आहे हे कळले की मूल बुजते, म्हणून बाई अंधारात बसून माझ्यातून पाहायच्या आणि माझ्याखालच्या जाळीतून ऐकायच्या. दुपारचा डबाही तिथेच खायच्या. वर्षानुवर्षे त्यांनी हा नेम पाळला. त्यांचे नाव झाले. मोठमोठे विद्वान आले, माझ्यासमोर "वा, काय युक्ती आहे!" म्हणाले आणि केस नीट करून गेले.

खरे सांगू? मुले माझ्यात स्वतःला पाहत आणि बाई मुलांना. मला कुणी पाहत नसे. बाईंनाही.

एकदा पाच वर्षांची एक मुलगी आली. तिची आई अगदी रडकुंडीला आली होती. "घरी हिची टकळी थांबत नाही हो! चारचौघांत गेली की तोंडाला कुलूप. शाळावाले म्हणतात, हिला समजच नाही. तुम्हीही तसंच म्हणालात तर तिला घेणार नाहीत."

मदतनीस ताईने खेळ मांडला. बाहुलीने लाल डब्यात चेंडू ठेवला आणि ती बाहेर गेली. तिच्या माघारी ताईने तो निळ्या डब्यात लपवला.

"सांग बरं, बाहुली आल्यावर चेंडू कुठे शोधेल?"

मुलगी गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प.

"एक वेळ हे डबे बोलतील गं बाई, पण तू नाही बोलायचीस!" ताईने हात टेकले आणि ती पाणी प्यायला गेली.

दार लागताच मुलगी माझ्याजवळ आली. आपल्याच प्रतिबिंबाला कुजबुजली, "लाल डब्यात शोधेल. तिला कुठे माहितीये बदललंय ते? वेडीच आहे ताई." मग नाक काचेला लावून म्हणाली, "तू पण कधी बोलत नाहीस माझ्याशी."

बाईंना उत्तर मिळाले होते. तेवढे लिहून त्या गप्प राहिल्या असत्या, तरी मुलीला शाळेत प्रवेश मिळाला असता. पण त्यांनी उठून दिवा लावला. मागे उजेड झाला की माझ्यातला आरसा विरतो. मुलीच्या चेहऱ्याच्या जागी पिकल्या केसांच्या बाई दिसू लागल्या.

मुलगी दचकली, पण रडली नाही. "तू आत काय करतेस?"

"मुलांना बघते."

"एकटीच?"

बाईंनी वही मिटली. "हो गं. एकटीच."

"मग इकडे ये ना."

बाई गेल्या. सतरंजीवर बसून मुद्दाम चुकीचा डबा दाखवू लागल्या. "अगं, असं नाही!" मुलगी खणखणीत ओरडली. दाराबाहेर तिच्या आईने तोंडावर हात दाबून धरला.

बाईंच्या संस्थेचे मोठे साहेब मात्र चिडले. "तुम्हीच घातलेला नियम तुम्हीच मोडलात?"

"मोडला खरा," बाई शांतपणे म्हणाल्या.

मुलीला शाळेत घेतले. बाई त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सतरंजीवरच बसत राहिल्या. मागची खोली रिकामी झाली. आता तिथे मोडक्या खुर्च्या आहेत, आणि माझ्यावर धूळ.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी गप्प गप्प असेल, तर त्याला लांबून पाहत राहू नका. शेजारी जाऊन बसा. जमले तर माझ्यासारख्या जुन्या काचेवरूनही कधी फडके फिरवा. मला फार एकटे वाटते. तरीही पुन्हा कुणी त्या अंधारात येऊन बसू नये, एवढेच मी देवाकडे रोज मागते.