सव्वादोनची घंटा

धोंडीराममामा शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा आवाज गेला. नुसता गळ्यातला नाही, सगळाच गेला. चहा पितानाचा सुर्रकन् आवाज गेला, चपलांची फटफट गेली, शिंक गेली. हातातून स्टीलचं ताट पडलं तर ते कापसावर पडल्यासारखं फरशीला टेकलं, गरगर फिरलं आणि मुकाट्यानं आडवं झालं. शेवंतानं, म्हणजे मामांच्या बायकोनं, तेच ताट उचलून मुद्दाम टाकलं, तर शेजारच्या जैतुनभाभी “काय पडलं गं?” म्हणत दारात हजर.

शेवंतानं त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली, नळी झटकली, पुन्हा लावली.

“नाडी बोटाला लागतेय,” ते म्हणाले. “ठोके ऐकू येत नाहीत.”

“मग काय करायचं?”

“गरम पाणी द्या. रिटायर माणसांचं होतं असं.”

एकतीस वर्षं मामा शाळेत शिपाई होते आणि एकतीस वर्षं घंटा त्यांनीच दिली. निरोपाला शाळेनं शाल, नारळ आणि ती पितळी घंटाच देऊन टाकली, कारण शाळेत आता विजेची आली होती आणि ती आपली आपण वाजायची. परातीएवढी ती गोल घंटा शेवंतानं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. अगदी मापात बसली. लाकडी हातोडा मामांनी खुंटीला टांगला, टोपीशेजारी.

खरं सांगायचं तर त्या आवाजांवर शेवंतानं जन्मभर तोंडसुख घेतलं होतं. “चहा पिताय का म्हैस पाण्याला आलीय?” हे तिचं रोजचं सकाळचं वाक्य. आता मामा मागं येऊन उभे राहिले तरी तिला कळायचं नाही. ती वळायची, दचकायची, आणि मामा ओशाळं हसायचे. काही सांगायचं झालं तर ते मुलीच्या जुन्या पाटीवर लिहायचे. पेन्सिलसुद्धा करकरायची नाही.

मुलगी, सारिका, पुण्याला असते. तिनं आईला फोन घेऊन दिला होता. एका दुपारी मेथी निवडताना शेवंताचं बोट कुठंतरी लागलं आणि पडद्यावर बर्फाचा डोंगर आला. खाली इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं आणि वेळ: एक तास त्रेपन्न मिनिटं. मग ते वाजायला लागलं.

शेवंताला संगीत म्हणजे गाणी. तंबूतल्या टॉकीजपासून तिनं पिक्चर पाहिले होते, पण गाणं संपलं की तिच्या लेखी संगीत संपायचं. हिरो घोड्यावरून येताना, आगगाडी सुटताना, आई मरताना मागं शंभर माणसं घाम गाळत असतात हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. इथं घोडा नव्हता, आई नव्हती. नुसतं मागचंच होतं, आणि ते पुढं आलं होतं. आधी एकच बारीक सूर, दाराच्या फटीतून आलेल्या उजेडासारखा. मग त्याला खालून कुणीतरी हात दिला, मग दहाजणांनी, मग अख्ख्या गावानं. तिला वाटलं, आपण कुणालातरी पोचवायला वेशीपर्यंत आलोय आणि ते माणूस वळून बघतंय. मेथीची जुडी हातात तशीच राहिली.

चौथ्या मिनिटाला मामा खोकले.

मामा तर समोर खाटेवर डोळे मिटून पडले होते. खोकला फोनमधून आला होता. जाड, लाकडी, पोटातला. दोनदा पुरता, आणि तिसरा अर्धा, कुणाला त्रास नको म्हणून गिळलेला. असा खोकला जगात एकाच माणसाचा.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही इथं आहात.”

दुसऱ्या दिवशी तो खोकला वाजवणारा घरी आला. काळा कोट घालून, माणसाएवढं व्हायोलिन गुडघ्यांत धरून पुढच्या खोलीत बसला होता. खुर्ची शाळेची होती, पाठीवर शाळेचं नाव रंगवलेलं. शेवंतानं चहा पुढं केला.

“हात मोकळा नाही,” तो म्हणाला.

मग ते तसंच होत गेलं. शेवंतानं जो आवाज ओळखला, त्याचा वाजवणारा दुसऱ्या दिवशी खोलीत. अकराव्या मिनिटाला चपला सापडल्या, तर दोघं ढोलवाले आले. एकोणिसाव्याला चहाचा सुर्र, त्याच्या तीन रुपेरी बासऱ्या. चाळिसाव्याला शिंक, तिला सगळे पितळी कर्णे लागले. झोपेतल्या उसाशाला चोवीस व्हायोलिनं लागली. एवढा मोठा उसासा हे कशाबद्दल टाकत होते, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

माणसं मावावीत म्हणून पुढची खोली लांबत गेली. लांबायची ती स्वयंपाकघरातून घेऊन. रोज एक फरशी.

सगळ्यांच्या पुढं बारीक काठी घेऊन एकजण उभा असायचा, वकिलासारखा. शेवंता त्याला म्हणाली, “आवाज आमच्या माणसाचे आहेत. परत द्या की.”

“परत देता येत नाहीत,” काठीवाला म्हणाला. “वाजवता येतात. वेळेवर.”

वेळेवर म्हटल्यावर मामा सावरून बसले. रोज बारा वाजून तेवीस मिनिटांनी काठी हलायची, कारण जेवणं तेव्हाच उरकायची. अकराव्या मिनिटाला मामा अंगणात चालायला लागायचे आणि चपला अचूक फटफटायच्या. एकोणिसाव्याला बशी तोंडाला लावायची. चाळिसाव्याला तपकिरीची चिमूट. घर मामांनी भरून जायचं. शेवंता पदरानं डोळे पुसत म्हणायची, “आली म्हैस पाण्याला.”

जैतुनभाभी खिडकीतून डोकावल्या. “ऑर्केस्ट्रा बोलावलाय म्हणं? मग नाचणारी बाई कुठाय?”

“मीच की,” शेवंता म्हणाली.

सारिकाचा फोन आला. “आई, एवढा कसला आवाज येतोय?”

“तुझ्या आप्पांचा,” शेवंता म्हणाली, आणि फोन व्हायोलिनांच्या दिशेनं धरून उभी राहिली. पलीकडं सारिकानं घरातला पंखा बंद केला.

पण हाक सापडत नव्हती. मामा तिला “शेवंते” म्हणायचे, शेवटचं अक्षर जरा लांबवून, विहिरीत बादली सोडल्यासारखं. ती हाक कुठल्याच मिनिटात नव्हती. एक तास बावन्न मिनिटं झाली की सगळे एकदम थांबायचे, धनुष्यं हवेत. फोनवरही तिथंच गोल चकरी फिरत राहायची. शेवंताला वाटायचं, संपलं.

“संपलेलं नाही,” काठीवाला म्हणाला. “हाक शेवटच्या पानावर आहे. त्याच्या आधी घंटेचा एक टोला आहे. तो पडल्याशिवाय पान उलटत नाही.”

“मग द्या की टोला.”

“आमच्यात घंटेवाला नाही.” त्यानं मामांकडं पाहिलं. मामांनी खाली पाहिलं.

“आणि शेवटच्या पानानंतर?”

“आम्ही उठतो.”

“आणि यांचे आवाज?”

“आमच्याबरोबर.”

शेवंतानं हे जैतुनभाभींना सांगितलं. त्या खिडकीच्या गजाला धरून ऐकत होत्या. “हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको, बाई,” त्या म्हणाल्या. “खोकला आहे, चपला आहेत. माझ्या माणसाचा एक फोटो आहे, तोही गप्प.”

शेवंतानं ऐकलं. आता नवीन आवाज ओळखायचा नाही, असं तिनं ठरवलं. पण कान का ऐकतात? किल्ल्यांचा जुडगा ओळखला, दाढी करतानाचं गुणगुणणं ओळखलं, वहाण शोधताना पलंगाखाली पायानं चाचपडणंसुद्धा ओळखलं. फरश्या गेल्या. ओटा गेला, मांडणी गेली, खिडकी भाभींसकट लांब गेली. शेवटी एक फरशी उरली. तिच्यावर पिठाचा डबा आणि त्याला चिकटून शेवंता.

“उद्या मी कुठं उभी राहू?” तिनं विचारलं.

“उद्या तिथं एक खुर्ची येईल,” काठीवाला म्हणाला.

मामांनी हे ऐकलं. त्यांनी पाटी घेतली. ‘टोला किती वाजता?’

“सव्वादोन.”

मामांनी पाटी पुसली आणि ठळक अक्षरात लिहिलं, ‘सव्वादोनला घंटा नसते.’

“एकदा होती की,” शेवंता म्हणाली.

मामांचे कान लाल झाले. एकतीस वर्षं होत आली होती, तेव्हा ते शाळेत नवीनच लागले होते. दवाखान्यातून शाळेत फोन आला, मुलगी झाली. शिक्षक सगळे वर्गात. सांगायला कुणी नाही, आणि हातात हातोडा. मामांनी शाळा सुटल्याची लांब घंटा दिली. सहाशे चाळीस पोरं दप्तरं उडवत घरी गेली. मामा अनवाणी दवाखान्यात पोचले, खाटेपाशी उभे राहिले, म्हणाले, “शेवंते.” त्या दिवसानंतर घड्याळ दोनदा पाहिल्याशिवाय त्यांनी कधी हातोडा उचलला नव्हता.

‘मेमो मिळाला होता,’ मामांनी लिहिलं.

“मिळू दे आणखी एक. फ्रेम करून लावते.”

मामा हसले, बिनआवाजाचं. मग पाटीच्या कोपऱ्यात, जागा असूनही अगदी बारीक, त्यांनी लिहिलं, ‘आणि नंतर?’

शेवंतानं ते कितीतरी वेळ वाचलं. दोनच शब्द होते. मग तिनं पदरानं पाटी पुसली.

“नंतर मी बोलीन,” ती म्हणाली. “तुम्ही ऐका. इतकी वर्षं नाहीतरी तेच चाललंय.”

बारा तेवीसला काठी हलली. मामा खोकल्याला खोकले नाहीत, चपलांना चालले नाहीत, चहा निवू दिला. त्यांनी टोपी घातली, खुंटीवरचा हातोडा काढला आणि अंगण ओलांडावं तशी ती लांबच लांब खोली खुर्च्यांमधून ओलांडत आले. त्यांच्याशिवाय त्यांचे आवाज येत राहिले, एकेक करून, जणू सामान बाहेर काढून ठेवतंय कुणी. चोवीस व्हायोलिनांनी उसासा टाकला तेव्हा मामा शेवंताच्या फरशीपाशी पोचले होते.

घंटा टांगायला कुठं खिळा नव्हता. भिंतच दिसत नव्हती. शेवंतानं डब्यावरून घंटा उचलली, तिच्या भोकातली सुतळी दोन्ही हातांत घेतली आणि हात लांब करून उभी राहिली. घंटा जड होती. इतकी वर्षं हे काय वाजवत होते, ते तिला आत्ता कळलं. आतल्या बाजूला पिठाचा थर तसाच होता.

सव्वादोन. सगळे थांबले. धनुष्यं हवेत, कर्णे ओठांपाशी. काठीवाल्याचा डावा हात पानाच्या कोपऱ्यावर.

मामांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हातोडा वर नेला आणि काठीकडं पाहिलंच नाही, शेवंताकडं पाहिलं, घंटेआधी हेडमास्तर मान हलवतात का ते पाहायचे तसं.

शेवंतानं मान हलवली.

पीठ आधी उडालं. पांढरं, सावकाश, दोघांच्या मधे. तिच्या बोटांना थरथर लागली, मनगटांपर्यंत आली, कोपरांपर्यंत आली, आणि पिठापलीकडं पानाचा कोपरा उचलला गेला.