काट्यावर न चढलेलं वजन

कोणती एसयूव्ही घ्यायची हे नाना सांगतील, असं घरात ठरलं. बत्तीस वर्षं त्यांनी मालट्रकांच्या वजनकाट्यावर काढली होती. त्यामुळे वजनाचा प्रश्न आला की घरचे त्यांच्याकडे बोट दाखवून मोकळे होत.

निवड दोनच गाड्यांत होती. एक चंदेरी, बेताची, पाच जणांची. ती सुनेला पसंत होती, कारण ती इमारतीखालच्या जागेत सुखाने मावत होती. दुसरी थोराड, तीन रांगांची, सात जणांची. तिला मुलगा ‘हत्ती’ म्हणायचा. घेऊ ती गाडी कॅम्पिंगचा ट्रेलर ओढणारी हवी होती. ट्रेलर जुनाच घेतला होता. चार महिने खपून नानांनी त्याची कुजलेली फळी बदलली, बिजागऱ्या बसवल्या, दिवे जोडले. घरच्यांबरोबर आपणही तळ्याकाठी सहलीला जाणार, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं. तसं कुणी म्हणालं नव्हतं. नाही, असंही कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी चालायचे बूट आणून ठेवले होते.

नात दहा वर्षांची होती आणि नानांच्या प्रत्येक उत्तरावर तिचं ‘मग?’ ठरलेलं असे. नानांनी तिला ट्रेलरच्या दांड्याखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवायला लावला. आकडा पंचाहत्तर आला. हा भार ट्रेलरचा, पण तो बसतो गाडीच्या मागच्या हुकावर, म्हणून तो फार नको आणि फार कमीही नको, असं त्यांनी समजावलं. मग? मग पाण्याचा कॅन मागे सरकवून बघ. तिने सरकवला, आकडा साठवर उतरला. आणखी उतरला तर ट्रेलर रस्ताभर झुलेल आणि गाडीलाही झुलवेल, नाना म्हणाले. तिने ते वहीत लिहिलं. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि लगेच लिहायचा, मग बोलायचं, ही सवय त्यांनीच तिला लावली होती.

रविवारी चंदेरी गाडी चालवून बघायला मिळाली. मुलाने तिला ट्रेलर जोडला, सहलीला न्यायचं सगळं सामान भरलं आणि वजनकाट्यावर आणली. नाना बसने आधीच पोहोचले होते. काट्यावर आता त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस होता. गाडी आणि ट्रेलर मिळून साडेतीन हजार किलो, ही चंदेरी गाडीची मर्यादा. तेवढ्यात बसली तर ती घ्यायची, नाहीतर हत्ती.

जे प्रवासाला जाणार ते सगळं काट्यावर चढवायचं, असं नानांनी सांगून ठेवलं होतं. पुढे मुलगा आणि सून होते. मागे नात, धाकटा नातू आणि दोघांच्या मध्ये पट्टा बांधलेला कुत्रा. नानांनी मागचं दार उघडलं आणि कुत्र्याला जरा सरकायची खूण केली.

“नाना, तुम्ही कुठे चढताय?” मुलगा म्हणाला. “तुम्ही आत जाऊन आकडा बघा.”

“अरे, माझं वजन राहील ना.”

मुलगा आरशात बघत बसला. उत्तर सुनेने दिलं. तिथली थंडी, खाली बसणं-उठणं, नानांची कंबर. “तुम्हाला नाही झेपणार, नाना. आणि घराकडे बघायला कुणीतरी हवंच की.”

“कुत्र्याचं वजन धरलंय,” नातू म्हणाला.

नानांनी दार लावलं आणि केबिनमध्ये गेले.

आकडा आला चौतीसशे चाळीस. साठ किलो खाली. चंदेरी गाडी त्यांना पुरत होती, कुत्र्यासकट. हत्तीत मात्र दोन जागा रिकाम्या राहिल्या असत्या, आणि रिकामी जागा समोर दिसत असताना बापाला घरी थांब म्हणायला मुलाची जीभ रेटली नसती, असं नानांना वाटलं. बत्तीस वर्षांत ट्रकवाल्यांनी गोड बोलून पाहिलं होतं, दमदाटी करून पाहिलं होतं. एक किलो इकडचा तिकडे झाला नव्हता.

ते गाडीच्या खिडकीशी आले.

“पस्तीसशे चाळीस. चाळीस किलो जास्त. ही नको.”

मुलगा फोनवर होता. त्याने नुसती मान हलवली. थोडं सामान कमी करू की, सून म्हणाली. मर्यादेच्या काठावर चढउताराचे रस्ते धरू नका, गाडीत पोरं आहेत, नाना म्हणाले. पोरांचं नाव निघाल्यावर वाद कोण घालणार? केबिनच्या दारातून काटेवाल्याने सगळं ऐकलं. त्याने नानांकडे पाहिलं, छापून आलेली पावती चुरगाळली आणि टोपलीत टाकली.

तीन आठवड्यांनी हत्ती दारात आला. पहिल्याच शनिवारी सकाळी तळ्याकडे निघायचं ठरलं. नाना आंघोळ करून, दाढी करून खाली उतरले. गाडीची शेवटची रांग दुमडून टाकलेली होती. तिथे दोन सायकली, फुगवायची होडी आणि छोटा फ्रीज होता.

“बरं झालं तुम्ही हत्तीच घ्या म्हणालात,” मुलगा खुशीत म्हणाला. “बघा, किती मावलं.”

नाना बघत होते, तेवढ्यात नात वही घेऊन शेजारी आली. काट्याच्या बाहेर मोठ्या पाटीवर लाल आकडा लागतो, तो तिने त्या दिवशी मागच्या काचेतून पाहिला होता आणि लगेच लिहिला होता. चौतीसशे चाळीस. नाना पस्तीसशे चाळीस म्हणाले होते. तेव्हापासून ती स्वतःची चूक शोधत होती.

“मला सापडतच नाहीये, आजोबा.”

पाटी लांब होती, तुला नीट दिसलं नसेल, एवढं म्हणणं सोपं होतं. पोरीने ते मानलं असतं. पुढे आपल्याच डोळ्यांवर शंका घेत बसली असती.

“तुझा आकडा बरोबर आहे,” नाना म्हणाले.

“म्हणजे तुम्ही चुकलात?”

“नाही. मला नीट दिसला होता.”

“मग?”

“मलाही यायचं होतं.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग सायकलींकडे. मुलाने हॉर्न वाजवला. ती वही मिटून गाडीत जाऊन बसली. नेहमीसारखा हात हलवला नाही.

हत्ती ट्रेलर घेऊन निघाला. गल्लीच्या टोकाला ट्रेलरचे लाल दिवे लागले. पुढचा रस्ता मोकळा होता, तरी गाडी थांबून राहिली. पोरीने सांगितलं असणार. नाना फाटकाची कडी धरून उभे राहिले. मुलगा उतरून आला असता, खोटारडे म्हणाला असता, तरी त्यांना चाललं असतं.

मग दिवे विझले आणि गाडी वळली.