फरशीवाल्याच्या कमरेचा पट्टा

मित्रांनो, या पलंगाखाली वाकून पाहिलंत तर उशाकडच्या पायाशी मी दिसेन. रंग उडालेला, कडा उसवलेला, जुना कातडी पट्टा. आता फार बोलवत नाही. पण एका माणसाचं पोट मी बावीस वर्षं जवळून पाहिलं आहे. तेवढं जवळून डॉक्टरांनीही पाहिलं नसेल.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला जाड कातड्यातून कापलं, मेणाच्या दोऱ्याने शिवलं आणि पाच छिद्रं पाडली. मालकांनी मला लग्नासाठी घेतलं, तेव्हा बक्कल तिसऱ्या छिद्रात आरामात बसायचं. मालक फरश्या बसवायचे. करणी, टेप, रबरी हातोडी, सगळं माझ्यावर लटकायचं. त्यांची फरशी इतकी सपाट, की तिच्यावर सांडलेलं पाणी कुठं जावं या विचारात तिथंच उभं राहतं, असं लोक म्हणत. कौतुक मालकांचं, वजन माझं.

पुढे पोट वाढलं. हट्ट मात्र तिसऱ्या छिद्रावरून हलला नाही. "लग्नातलं माप आहे," असं ते चारचौघांत सांगत. ते माप माझं होतं, मित्रांनो. पोटाने ते केव्हाच सोडलं होतं.

खरी चूक दुपारची. जोडीला त्यांचा मेहुणा असे. दोघं आधी फरशी चिकटवायचा माल भिजवत आणि तो मुरेपर्यंत जेवून घेत. माल घट्ट व्हायच्या आत वापरायला हवा, म्हणून डबा पाच मिनिटांत रिकामा. तिखट, तळलेलं, वर कडक चहा. लगेच गुडघ्यावर बसून, पोट दुमडून काम सुरू. वरून मी आवळायचो, खालून मांड्या दाबायच्या. मधल्या अन्नाने जावं कुठं? ते आंबट होऊन घशाशी यायचं, छातीत आग पेटायची. मालक खिशातल्या गोळ्या शेंगदाण्यांसारख्या चघळत आणि पुढची फरशी ठेवत.

एका मोठ्या हॉलमध्ये मात्र ती आग लपेना. दर दोन फरश्यांनी मालक छाती धरून उठत होते. संध्याकाळी मेहुण्याने दोरी धरून पाहिली.

"दाजी, ही ओळ सापासारखी गेलीय."

"दिसतंय मला."

"मग बसवलीत कशाला? उरलेला हॉल दुसऱ्या कुणाला सांगू का?"

मालकांनी माझ्यावरची करणी काढून जमिनीवर ठेवली. काम अर्धं असताना ती त्यांनी कधीच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी हृदय तपासलं. ते ठणठणीत निघालं. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "पोट असं बांधून ठेवलंय, ते पळून जाणार आहे का?"

"कंबर कसल्याशिवाय आमचं काम होत नाही, बाई."

"कंबर कसा, पण पोटाला सोडा."

मग त्यांनी समजावलं. थोडं थोडं आणि सावकाश खा. तिखट, तळलेलं, चहा कमी करा. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उचला. गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.

घरी बायकोने सगळं ऐकलं आणि नेमकं बोट ठेवलं. "अहो, मालाला मुरायला दहा मिनिटं देता आणि अन्नाला पाच? आधी जेवा, मग माल भिजवा."

"आणि जेवल्या जेवल्या काय, हात बांधून बसू?"

"उभ्याने होणारं काम करा. भिंतींना फरश्या नसतात का?"

सोपं नव्हतं ते. चौथ्याच दिवशी मालकांनी मेहुण्याच्या डब्यातलं तळलेलं चोरून खाल्लं आणि संध्याकाळभर छाती चोळली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण हॉल हातचा जाईल ही भीती जिभेपेक्षा मोठी ठरली. हत्यारं खांद्यावरच्या पिशवीत गेली, कमरेला नाडीची पँट आली आणि मी खिळ्यावर. मी त्यांना उभं ठेवतोय असं मला बावीस वर्षं वाटत होतं. मी गेल्यावर ते सरळ उभे राहिले. हे गिळायला मला फार जड गेलं.

हॉल पुरा झाला. मेहुण्याने मधोमध काचेची गोटी ठेवली. ती हलली नाही, असं मालकांनी घरी येऊन बायकोला सांगितलं.

"तो म्हणाला, दाजी, गोटी झोपली. मी म्हटलं, झोपू दे बाबा, मला अजून तीन तास परवानगी नाही."

बायको खूप दिवसांनी हसली.

उशाकडची बाजू उचलायला पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावले होते; त्यातले एका पायाखालचे दोन सारखे सरकत होते. मालकांनी मला खिळ्यावरून काढलं, दोन्ही ठोकळ्यांभोवती गुंडाळलं आणि पाहिलं, तर एकही छिद्र जुळेना. त्यांनी खिळा घेतला, हातोडीचा एक ठोका दिला आणि नवं छिद्र पाडलं.

स्वतःच्या पोटासाठी बावीस वर्षांत पुढचं तयार छिद्रही चाललं नाही, ठोकळ्यांसाठी मात्र क्षणात नवं पाडलं. मी दमलोय, मित्रांनो, म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या घरी कुणी घट्ट बक्कल लावून घाईघाईने घास गिळत असेल, तर सैल छिद्र पाडायला त्याच्या हातात खिळा द्या. एक ठोका पुरतो.